आरएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएनएबद्दलचे प्रश्न साधारण तीन तऱ्हेचे येतात: परीक्षेच्या आदल्या रात्रीचे, हातात तपासणीचा रिपोर्ट धरून विचारलेले आणि लशीवरच्या वादावादीतून आलेले. तिन्ही इथे एकत्र घेतले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बाकी कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल.

१. आरएनए म्हणजे काय? अगदी सोप्या शब्दांत सांगा.

रायबोन्यूक्लिक आम्लाचं हे छोटं नाव. न्यूक्लिओटाइड नावाचे घटक एकापुढे एक जोडत गेले की जो धागा तयार होतो, तो आरएनए. प्रत्येक घटकात रायबोज ही साखर, एक फॉस्फेट आणि एक बेस असतो. बेस चार प्रकारचे: अॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि युरॅसिल. लिहिताना त्यांना ए, जी, सी, यू म्हणतात. ही अक्षरं कोणत्या क्रमाने आली आहेत, त्यावर त्या धाग्याचं काम ठरतं.

जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ प्रत्येक पेशीत आरएनए सतत तयार होतो, वापरला जातो आणि मोडीत निघतो (एक ठळक अपवाद प्रश्न ९ मध्ये आहे). 'डीएनएचा निरोप पोहोचवणारा' एवढीच त्याची ओळख शाळेतून मिळते. ती खोटी नाही, पण फारच अपुरी आहे. निरोप नेणारा आरएनए पेशीतल्या एकूण आरएनएच्या जेमतेम ५ टक्के भरतो. उरलेला काय करतो, ते प्रश्न ५, ६ आणि ११ मध्ये पाहा.

२. डीएनए आणि आरएनए यांत फरक काय? 'दोन धागे आणि एक धागा' एवढंच लक्षात आहे.

कळीचा फरक एका ऑक्सिजन अणूचा आहे. रायबोज साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. डीएनएच्या साखरेत त्या जागी नुसता हायड्रोजन असतो. ही जोडी शेजारच्याच फॉस्फेटच्या बंधावर चाल करून धागा तोडू शकते. म्हणून दोन्ही रेणू अल्कलीच्या द्रावणात ठेवले, तर डीएनएचे दोन धागे फक्त सुटे होतात, आरएनएचे मात्र तुकडे पडतात. पिढ्यानपिढ्या जपायची माहिती डीएनएकडे आणि रोजची धावपळ आरएनएकडे का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

दुसरा फरक बेसचा: डीएनएत थायमिन, आरएनएत युरॅसिल (प्रश्न ३). आणि तिसरा तुमच्या लक्षात आहे तो, धाग्यांचा. पण आरएनए एकेरी असतो म्हणून सरळ ताठ पडलेला असतो, असं नाही. त्याच धाग्यात दूर कुठेतरी ए समोर यू, जी समोर सी जुळते. धागा स्वतःवरच वळतो, घड्या घालतो आणि ठरावीक आकार घेतो. आकार घेता येतो म्हणूनच आरएनए प्रथिनांसारखी कामंही करू शकतो. डीएनएचा धागा कायम जोडीदाराशी बांधलेला असल्यामुळे त्याला हे सहसा साधत नाही.

परीक्षेत एका वाक्यात उत्तर हवं असेल, तर 'आरएनए सहसा एकेरी असतो' असं लिहा, 'नेहमी' असं लिहू नका. रोटाव्हायरसचा आरएनए दुहेरी असतो.

३. आरएनएत थायमिनऐवजी युरॅसिल का?

खरं तर प्रश्न उलटा हवा: डीएनएला थायमिनचा खर्च का परवडतो? युरॅसिलला एक मिथाइल गट जोडला की थायमिन होतं आणि हे जोडायला पेशीला ऊर्जा मोजावी लागते.

कारण असं. सायटोसिन हा बेस अधूनमधून आपोआपच बिघडतो आणि त्याचं युरॅसिल होतं. माणसाच्या एकेका पेशीच्या डीएनएत असं दिवसाला शंभरेक वेळा तरी घडतं. डीएनएत युरॅसिल मुळातच नसल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते दिसलं रे दिसलं की कळतं, ही बिघडलेली जागा आहे. ते लगेच कापून काढलं जातं. युरॅसिल हेच डीएनएचं अस्सल अक्षर असतं, तर अस्सल कुठलं आणि बिघडलेलं कुठलं हे ओळखायला काही मार्गच उरला नसता. आरएनए काही तासांत मोडीत निघणार. त्याच्यासाठी एवढी दक्षता कोण घेणार?

४. पेशीत आरएनए तयार कसा होतो?

मूळ दस्तऐवज दप्तराबाहेर जात नाही, कामापुरती नक्कल काढली जाते, तसंच इथे चालतं. डीएनए केंद्रकातच राहतो. आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर जनुकाच्या सुरुवातीला बसतं, डीएनएचे दोन धागे तेवढ्या भागात उकलतं आणि त्यांतल्या एका धाग्यासमोर जुळणारी अक्षरं एकेक करून जोडत जातं. या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. जिवाणूत हा वेग सेकंदाला ४०–५० अक्षरांच्या आसपास असतो.

जिवाणूला केंद्रक नसतं. त्यामुळे तिथे एका टोकाला आरएनए अजून लिहिला जात असतो आणि दुसऱ्या टोकावर रायबोसोम बसून त्यावरून प्रथिन बनवायला लागलेलेही असतात. आपल्या पेशीत ही घाई चालत नाही. कच्च्या आरएनएच्या पुढच्या टोकाला एक रासायनिक टोपी चढते, मागच्या टोकाला सुमारे २०० अॅडेनिनची शेपटी लागते आणि मधले नको असलेले तुकडे कापले जातात (प्रश्न ७). एवढं झालं की मगच तो केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर पडतो.

५. एमआरएनए, टीआरएनए, आरआरएनए यांत माझा दरवेळी गोंधळ होतो. कोण काय करतं?

तिघांना एकाच ठिकाणी काम करताना पाहिलं की गोंधळ होत नाही.

समजा एमआरएनएच्या धाग्यावर 'एयूजी यूयूयू यूएए' असा मजकूर आहे. रायबोसोम तो तीन-तीन अक्षरांनी वाचतो. 'एयूजी' आलं की सुरुवात. इथे मेथिओनिन हे अमिनो आम्ल बसतं. पुढे 'यूयूयू'. आता एक टीआरएनए आत येतो. त्याच्या एका टोकावर 'एएए' ही जुळणारी तीन अक्षरं आहेत आणि दुसऱ्या टोकाला फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल चिकटलेलं आहे. अक्षरं जुळली की रायबोसोम मेथिओनिन आणि फेनिलअॅलनिन यांच्यात बंध घालतो, रिकामा टीआरएनए सोडून देतो आणि तीन अक्षरं पुढे सरकतो. 'यूएए' हा थांबण्याचा संकेत. त्याच्यासाठी टीआरएनए नाही, म्हणून साखळी तिथे सुटते. खरी प्रथिनं अर्थातच शेकडो अमिनो आम्लांची असतात.

थोडक्यात, एमआरएनए मजकूर आहे, टीआरएनए तो मजकूर आणि अमिनो आम्लं यांना जुळवणारा दुवा आहे, आणि ज्यावर हे सगळं घडतं तो रायबोसोम मुख्यतः आरआरएनएचा आहे. पेशीतल्या आरएनएपैकी सुमारे ८० टक्के आरआरएनए, १५ टक्क्यांच्या आसपास टीआरएनए आणि उरलेल्यात बाकी सगळे.

चार अक्षरांपासून तीन-तीन अक्षरांचे गट ६४ होतात. त्यांतले ६१ अमिनो आम्लांचे आणि ३ थांबण्याचे. अमिनो आम्लं २०च असल्यामुळे बहुतेक आम्लांना एकाहून अधिक गट असतात. हे कोडं सुटायला १९६१ मध्ये सुरुवात झाली. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी नुसत्या यू-यू-यू अक्षरांचा कृत्रिम आरएनए पेशीच्या अर्कात घातला आणि नुसत्या फेनिलअॅलनिनची साखळी मिळवली. निरेनबर्ग, हरगोविंद खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चं नोबेल मिळालं ते या संकेतांच्या उलगड्यासाठी. हॉलींनी त्याआधी, १९६५ मध्ये, यीस्टमधल्या एका टीआरएनएची अक्षरं क्रमाने लावून दाखवली होती.

६. रायबोसोममध्ये प्रथिनंही असतात. मग प्रथिन जोडण्याचं काम ती प्रथिनं करतात की आरएनए?

आरएनए. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

बराच काळ सगळ्यांची समजूत अशी होती की रायबोसोममधला आरएनए हा नुसता सांगाडा, खरं काम त्यावर बसलेली प्रथिनं करत असणार. माणसाच्या रायबोसोममध्ये चार आरआरएनए आणि सुमारे ८० प्रथिनं आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. २००० च्या सुमारास रायबोसोमची अणुपातळीवरची रचना हाती आली आणि दिसलं ते उलटंच: अमिनो आम्लांचा बंध जिथे जुळतो तो गाभा आरएनएचा आहे, प्रथिनं बहुतांशी बाहेरच्या अंगाला आहेत. या कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आरएनए विकरासारखं काम करू शकतो, हे त्याआधीच कळलं होतं. टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात थॉमस चेक यांना १९८२ मध्ये असा आरएनए सापडला, जो कुठल्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःतलाच एक तुकडा कापून उरलेली टोकं सांधत होता. सिडनी ऑल्टमन यांनी दुसरं उदाहरण दिलं आणि दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. अशा आरएनएला रायबोझाइम म्हणतात.

याचा औषधांशी थेट संबंध आहे. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं जिवाणूच्या आरआरएनएवरच जाऊन बसतात आणि त्याचं प्रथिन बनवणं बिघडवतात. आपल्या रायबोसोमची घडण थोडी वेगळी असल्यामुळे आपण वाचतो. जठरातला हेलिकोबॅक्टर जिवाणू क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नाही, तेव्हा अनेकदा त्याच्या आरआरएनएतलं अवघं एक अक्षर बदललेलं असतं.

७. एका जनुकातून एकच प्रथिन तयार होतं ना?

जिवाणूंपुरतं बऱ्यापैकी खरं. आपल्यात नाही.

आपल्या बहुतेक जनुकांत कामाचे तुकडे आणि मधले बिनकामाचे तुकडे आलटून पालटून असतात. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन, मधल्यांना इंट्रॉन म्हणतात. हे १९७७ मध्ये उघड झालं. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना त्यासाठी १९९३ चं नोबेल मिळालं. सगळं जनुक आधी आरएनएत उतरतं, मग इंट्रॉन कापून एक्झॉन सांधले जातात. स्नायूंमधल्या डिस्ट्रोफिन प्रथिनाचं जनुक २० लाखांहून अधिक अक्षरांचं आहे, त्याची एक प्रत काढायला सुमारे १६ तास लागतात आणि कापाकापीनंतर एमआरएनए उरतो तो १४,००० अक्षरांचा. एवढा खटाटोप उधळपट्टी वाटू शकतो, पण त्यात एक सोय आहे: सगळेच एक्झॉन दरवेळी घ्यावे लागत नाहीत. निवड बदलली की त्याच जनुकातून वेगळं प्रथिन. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं २०,००० च्या आसपास असूनही प्रथिनांचे प्रकार त्याहून पुष्कळ जास्त आहेत, ते मुख्यतः यामुळे.

सांधा चुकला तर आजार होतो. बीटा थॅलसेमियाच्या अनेक रुग्णांत हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक्झॉन-इंट्रॉनच्या सीमेजवळचं एकच अक्षर बदललेलं असतं. पेशी चुकीच्या जागी कापते आणि एमआरएनए वाया जातो.

८. आरएनए इतक्या लवकर का मोडतो? हा दोष नाही का?

दोष नाही, गरज आहे. जेवल्यावर इन्सुलिन लागतं, ताप आला की वेगळी प्रथिनं लागतात, जखम झाली की आणखी वेगळी. जुन्या सूचना पेशीत तशाच पडून राहिल्या, तर नव्या सूचनांना अर्थच उरणार नाही. जिवाणूंचे एमआरएनए काही मिनिटांतच संपतात, आपले काही तास टिकतात, मोजके त्याहून जास्त. किती टिकायचं हे शेपटीची लांबी आणि धाग्यावरच्या काही खुणा ठरवतात. शेपटी झिजत गेली की टोपी उतरते, टोपी उतरली की धागा संपला.

रासायनिक नाजूकपणाचं कारण प्रश्न २ मध्ये आहे. त्यात भर म्हणजे आरएनए तोडणारी रायबोन्यूक्लिएज विकरं सगळीकडे असतात: आपल्या कातडीवर, घामात, धुळीत. त्यांतली काही तर उकळूनही पुन्हा कामाला लागतात. म्हणून आरएनएवर काम करणारे हातमोजे घालतात, ते स्वतःला जपायला नव्हे, नमुना जपायला.

९. शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो. मग आरएनएही सारखाच असेल?

नाही, आणि म्हणूनच यकृताची पेशी चेतापेशीपेक्षा वेगळी दिसते आणि वेगळी वागते. कुठली जनुकं आरएनएत उतरवायची, किती आणि केव्हा, यावर पेशीचा स्वभाव ठरतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण लाल रक्तपेशीचं. अस्थिमज्जेत तयार होताना ती आपलं केंद्रकच बाहेर टाकते. डीएनए गेला, म्हणजे नवा आरएनए बंद. पण आधी बनवून ठेवलेला आरएनए उरलेला असतो आणि त्यावर ती आणखी काही काळ हिमोग्लोबिन बनवत राहते. या अवस्थेतली पेशी म्हणजे रेटिक्युलोसाइट. ठरावीक निळा रंग दिला की तिच्यातला उरलासुरला आरएनए सूक्ष्मदर्शकाखाली निळसर जाळ्यासारखा दिसतो. रक्तात उतरल्यावर एक-दोन दिवसांत तोही संपतो आणि पेशी उरलेले सुमारे १२० दिवस आरएनएविना काढते. तुमच्या रिपोर्टवरचा 'रेटिक काउंट' म्हणजे या जाळीवाल्या पेशींची मोजदाद. तो वाढलेला असेल तर मज्जा नव्या पेशी जोरात सोडते आहे. रक्तक्षय असूनही तो कमीच असेल, तर मज्जेकडून पुरवठाच होत नाहीये.

१०. मायक्रोआरएनए म्हणजे काय? २०२४ चं नोबेल त्यालाच मिळालं ना?

हो, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना. साधारण २२ अक्षरांचा हा तुकडा स्वतः प्रथिन बनवत नाही. तो जुळणाऱ्या एमआरएनएला जाऊन चिकटतो आणि त्यावरून प्रथिन बनू देत नाही किंवा तो एमआरएनए लवकर मोडायला लावतो. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीत सापडला आणि पुढची काही वर्षं ही त्या कृमीचीच काहीतरी खोड असेल, असं समजून बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. २००० मध्ये दुसरा सापडला. तो माणसासकट असंख्य प्राण्यांत जसाच्या तसा निघाला, आणि मग सगळे खडबडून जागे झाले.

याच्याशी नातं असलेली पण वेगळी गोष्ट म्हणजे आरएनए इंटरफेरन्स: दुहेरी आरएनए पेशीत घातला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं. अँड्रू फायर आणि क्रेग मेलो यांनी हे १९९८ मध्ये दाखवलं, २००६ मध्ये नोबेल मिळवलं. औषधात त्याचा उपयोग प्रश्न १६ मध्ये.

११. प्रथिन न बनवणारा आरएनए म्हणजे कचराच की!

टीआरएनए आणि आरआरएनएही प्रथिनात उतरत नाहीत, त्यांना कचरा कोण म्हणेल? इंट्रॉन कापणाऱ्या यंत्रणेच्या गाभ्यात छोटे आरएनए आहेत. गुणसूत्रांची टोकं वाढवणारं टेलोमरेज आपल्यासोबतच्या आरएनएवर बघून डीएनए लिहितं. स्त्रियांच्या पेशींतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक झाकून बंद करण्याचं काम एक्झिस्ट नावाचा हजारो अक्षरांचा आरएनए करतो. जनुकं कापून बदलण्याच्या क्रिस्पर तंत्रात कात्री डीएनएवर नेमक्या जागी पोहोचते तीही सुमारे २० जुळणाऱ्या अक्षरांच्या आरएनएमुळेच.

तरी उलट टोकाला जाऊ नये. पेशीत सापडणाऱ्या प्रत्येक लांब आरएनएला काहीतरी गूढ काम असणारच, असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. बरेचसे पॉलिमरेज इकडेतिकडे घसरल्याने निघालेले असू शकतात.

१२. आरएनए बनणं बंद पडलं तर काय होईल?

पेशी मरते, पण लगेच नाही. हातात असलेले आरएनए आणि प्रथिनं संपेपर्यंत ती तग धरते. डेथ कॅप या विषारी अळंबीतलं अमॅनिटिन आपलं एमआरएनए लिहिणारं पॉलिमरेज अडवतं. शिजवून हे विष जात नाही. खाल्ल्यावर कित्येक तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, त्यानंतर फसवा उतार आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी. 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी बसणं त्यामुळेच जिवावर बेततं.

हीच युक्ती क्षयाच्या औषधात आपल्या बाजूने वापरली आहे. रिफाम्पिसिन जिवाणूचं पॉलिमरेज अडवतं, आपल्याला हात लावत नाही.

१३. फ्लू, कोविड हे आरएनए विषाणू सारखे का बदलतात?

त्यांच्या नकला काढणारं विकर चुका तपासत नाही. दर नकलेत साधारण दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक पडते. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात, पण प्रती इतक्या निघतात की एखादी फायद्याची निघतेच. फ्लूची आणखी एक खोड आहे: त्याचा आरएनए आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन प्रकारचे फ्लू शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन एकदम नवा विषाणू तयार होतो.

कोरोना विषाणू इथे अपवाद आहेत. सुमारे ३०,००० अक्षरांचा आरएनए बाळगणाऱ्या या विषाणूंकडे चूक दुरुस्त करणारं विकर असतं. म्हणजे कोविडचे इतके नवे प्रकार आले, ते त्याच्या नकला फ्लूपेक्षा ढिसाळ म्हणून नव्हे. करोडो माणसांत तो पसरल्यामुळे त्याला संधीच तेवढ्या मिळाल्या.

१४. आरटी-पीसीआर तपासणीत काय शोधतात? बरं वाटल्यावरही रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?

पीसीआर तंत्र डीएनएच्या प्रती वाढवतं, विषाणूकडे तर आरएनए आहे. म्हणून आधी आरएनएवरून डीएनए लिहून घेतात आणि मग त्याच्या प्रती दर फेरीत दुप्पट करत नेतात. किती फेऱ्यांनंतर खूण उमटली तो आकडा म्हणजे सीटी. आकडा लहान, तर नमुन्यात आरएनए जास्त.

ही तपासणी आरएनएचा तुकडा ओळखते. विषाणू जिवंत आहे का, हे तिला कळत नाही. मेलेल्या विषाणूंचे आणि झडलेल्या पेशींमधले तुकडे काही आठवडे सापडत राहू शकतात.

१५. एमआरएनए लशीने आपला डीएनए बदलतो का?

नाही. लशीतला एमआरएनए पेशीत, पण केंद्रकाच्या बाहेरच्या द्रवात, रायबोसोमवर वाचला जातो. डीएनए केंद्रकात आहे, आणि आरएनएवरून डीएनए लिहून तो गुणसूत्रात घुसवायला लागणारी विकरं लशीत नसतात.

इथे एक जाणकार प्रश्न नेहमी येतो: पेशीत स्वतःची तशी विकरं असतातच ना? असतात, आपल्या डीएनएतले लाइन-१ नावाचे जुने तुकडे ती बनवतात, पण मुख्यतः स्वतःच्याच आरएनएवर वापरतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या कर्कपेशींत लशीच्या आरएनएपासून डीएनएचे तुकडे बनल्याचं २०२२ मध्ये एका संशोधनात दिसलं. ते गुणसूत्रात शिरल्याचं मात्र त्यात दाखवलेलं नाही, आणि बशीतल्या कर्कपेशी म्हणजे माणूस नव्हे. हे संशोधन लपवून काही साधत नाही आणि त्याचा बाऊ करूनही नाही.

लशीतला बहुतांश एमआरएनए काही दिवसांत मोडतो. लसिका ग्रंथींत त्याचे अंश काही आठवडे सापडल्याच्याही नोंदी आहेत. साधा एमआरएनए टोचला तर शरीर त्याला विषाणू समजून भडकतं. युरिडिनच्या (युरॅसिल आणि रायबोज मिळून होणाऱ्या घटकाच्या) जागी त्याचं थोडं बदललेलं रूप घातलं की हा भडका शमतो, हे कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं. २०२३ चं नोबेल त्याचंच. दुष्परिणामांचा प्रश्न डीएनएहून वेगळा आहे: क्वचित, मुख्यतः तरुण पुरुषांत, हृदयाच्या स्नायूचा दाह झाल्याचं नोंदलेलं आहे, आणि त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

१६. लस सोडून आरएनएची औषधं आहेत का?

आहेत. पॅटिसिरान हे आरएनए इंटरफेरन्सवरचं पहिलं औषध २०१८ मध्ये मान्य झालं. यकृतात बिघडलेल्या प्रथिनाचा एमआरएनए ते मोडून टाकतं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान सुरुवातीच्या डोसनंतर वर्षातून दोनदाच टोचावं लागतं. नुसिनर्सेन वेगळ्या वाटेने जातं: मज्जारज्जूच्या स्नायुक्षयात ते एका जनुकाच्या कापाकापीत (प्रश्न ७) हात घालून वगळला जाणारा एक्झॉन परत घ्यायला लावतं.

१७. अन्नातून आरएनए मिळतो का? 'आरएनए सप्लिमेंट' घ्यावं का?

वनस्पती असो वा प्राणी, पेशी खाल्ली की आरएनए पोटात गेलाच. तो आपल्या पेशींत जाऊन काम करत नाही. स्वादुपिंडाचं विकर त्याचे तुकडे करतं. अॅडेनिन आणि ग्वानिनचं शेवटी युरिक अॅसिड होतं. गाऊट (युरिक अॅसिड साठून होणारी सांधेदुखी) असलेल्यांनी असलं सप्लिमेंट घेणं म्हणजे पैसे देऊन दुखणं विकत घेणं. इतरांनाही त्याची गरज नाही, पेशी आपले न्यूक्लिओटाइड स्वतः बनवते.

१८. आरएनएवरून डीएनए बनतो, मग 'डीएनए ते आरएनए ते प्रथिन' हा नियम मोडला का?

१९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे आरएनएवरून डीएनए लिहिणारं विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, शोधलं, तेव्हा असाच गाजावाजा झाला. पण फ्रान्सिस क्रिक यांचं मूळ म्हणणं, १९५८ चं, इतकंच होतं की माहिती एकदा प्रथिनात गेली की तिथून परत फिरत नाही. ते अजून टिकून आहे. बाणांची सरळ रेघ हे पाठ्यपुस्तकांनी केलेलं सोपं रूप.

एचआयव्ही याच विकरावर जगतो, आणि त्यावरची अनेक औषधं नेमकं तेच अडवतात.

१९. तीन अक्षरांचे संकेत सगळ्या सजीवांत सारखेच असतात का?

जवळजवळ. आपल्याच मायटोकॉन्ड्रियात 'यूजीए' थांबायला सांगत नाही, तिथे ट्रिप्टोफॅन बसतं. केंद्रकातल्या काही जनुकांत तोच 'यूजीए', पुढे आरएनएची एक विशिष्ट घडी असेल तर, सेलेनोसिस्टीन हे विसाबाहेरचं अमिनो आम्ल बसवतो.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे लिहून झालेल्या आरएनएतलं अक्षर बदलणं. चरबी वाहून नेणारं अपोबी प्रथिन यकृतात ४,५३६ अमिनो आम्लांचं बनतं. आतड्यात त्याच जनुकाच्या एमआरएनएतल्या 'सीएए' मधला सी बदलून यू केला जातो. 'यूएए' तयार होतं, म्हणजे थांबा, आणि प्रथिन २,१५२ वरच संपतं. डीएनए दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखा. नुसता जनुकाचा क्रम वाचून प्रथिन सांगता येतं, असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण विचारावं.

२०. सजीवांत आधी डीएनए आला की आरएनए?

बऱ्याच शास्त्रज्ञांचा कौल आरएनएकडे आहे. माहिती साठवणं आणि रासायनिक काम करणं या दोन्ही गोष्टी एकाच रेणूला जमतात, आणि रायबोसोमचा गाभा (प्रश्न ६) हा त्या काळाचा अवशेष मानला जातो. वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये याला 'आरएनए जग' असं नाव दिलं. पण त्या काळच्या पृथ्वीवर इतका नाजूक रेणू आपोआप कसा जमला असेल, याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. परीक्षेत 'गृहीतक' हा शब्द विसरू नका.

२१. नुसत्या आरएनएमुळे, प्रथिनाशिवाय, रोग होऊ शकतो का?

वनस्पतींत होतो. थिओडोर डीनर यांनी १९७१ मध्ये बटाट्याच्या एका रोगाचं कारण शोधलं, ते नुसतं गोलाकार आरएनए निघालं. ३५९ अक्षरं, वर आवरण नाही, आत एकाही प्रथिनाची कृती नाही. अशांना विरॉइड म्हणतात. ते झाडाचंच पॉलिमरेज वापरून आपल्या प्रती काढून घेतात.

माणसात याच्या जवळ जाणारा हिपॅटायटिस डी विषाणू आहे: सुमारे १,७०० अक्षरांचा गोल आरएनए आणि स्वतःच्या प्रती कापणारा रायबोझाइम. फरक असा की तो एक प्रथिन बनवतो आणि आवरणासाठी त्याला हिपॅटायटिस बी चा विषाणू सोबत लागतो. त्यामुळे बी ची लस बी चा संसर्ग टाळून डी पासूनही बचाव करते.